लॉजच्या काउंटरवरचा मोबाइल आणि डीपीडीपी कायदा

प्रश्न असा आला आहे: "पंचवटीत आमचं बावीस खोल्यांचं लॉज आहे. पाहुणा आला की आधारचा फोटो काउंटरच्या मोबाइलवर काढतो, नाव-नंबर एक्सेलमध्ये भरतो, पोलिसांचं रजिस्टर वेगळं लिहितो. चार ठिकाणी सीसीटीव्ही आहेत. परवा एक जण येऊन सांगून गेला की डीपीडीपी कायद्याचं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर अडीचशे कोटी दंड होईल. पावणेदोन लाखांचं कोटेशनही देऊन गेला. घ्यायचं का? आणि सिंहस्थाच्या आधी आम्ही नेमकं काय करून ठेवायचं?"

सर्टिफिकेट घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये तुमच्यासारख्या लॉजने कुणाकडून प्रमाणपत्र आणावं अशी तरतूदच नाही. स्वतंत्र ऑडिटर, डेटा संरक्षण अधिकारी, दरवर्षीचं ऑडिट या गोष्टी कायद्यात आहेत, पण केंद्र सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' म्हणून अधिसूचित करेल त्यांच्यासाठी. डेटा किती आहे, किती नाजूक आहे, त्यातून लोकांना आणि देशाला धोका काय, हे बघून ती यादी ठरते. बावीस खोल्यांचं लॉज त्यात जाईल असं मला काही वाटत नाही. कोटेशन देणाऱ्याला एवढंच विचारा की हे सर्टिफिकेट कुठल्या कलमाखाली लागतं. बहुतेक तो विषय बदलेल.

अडीचशे कोटींचा आकडा मात्र त्याने पदरचा घातलेला नाही. कायद्याच्या शेवटी परिशिष्ट आहे, त्यात हा आकडा आहे. डेटा सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत. डेटा फुटल्यावर भारतीय डेटा संरक्षण मंडळाला (हा कायदा राबवणारी सरकारी संस्था, पुढे नुसतं 'मंडळ') किंवा ज्यांचा डेटा आहे त्यांना कळवलं नाही तर दोनशे कोटींपर्यंत. मुलांच्या डेटाबाबतचे नियम मोडले तर दोनशे कोटींपर्यंत. आणि इतर बहुतेक चुकांना पन्नास कोटींपर्यंत. यातला 'पर्यंत' हा शब्द कोटेशनवाले गिळून टाकतात. दंड ठरवताना मंडळाने काय बघायचं हेही कायद्यात लिहिलेलं आहे: चूक किती गंभीर, किती दिवस चालली, पुन्हापुन्हा झाली का, त्यातून फायदा किती कमावला, नुकसान आवरायला काय केलं, आणि एवढा दंड त्या माणसावर किती पडेल. म्हणजे काउंटरवरची चूक आणि कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीची चूक एकाच मापाने मोजली जाणार नाही. या कायद्यात तुरुंगवास नाही, फक्त पैशाचा दंड, आणि तो सरकारजमा होतो. ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात यातून एक रुपयाही पडत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे.

तारखा नीट लक्षात ठेवा, कारण नाशिककरांसाठी त्या फार अडचणीच्या जागी आल्या आहेत. कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ला मिळाली, पण नियमांविना तो कागदावरच होता. नियम आले नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला. मंडळाच्या स्थापनेचा भाग तेव्हाच लागू झाला. संमती व्यवस्थापकांचा, म्हणजे लोकांच्या वतीने त्यांच्या संमत्या सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचा भाग एक वर्षाने, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. आणि नोटीस, संमती, सुरक्षा, डेटा फुटल्यावर कळवणं, मुलांचे नियम, हे सगळं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यापासून. आता सिंहस्थाचं कॅलेंडर शेजारी ठेवा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७. कायदा पूर्ण लागू होईल आणि जेमतेम अडीच महिन्यांत तुमच्या काउंटरवर आयुष्यातली सगळ्यात मोठी गर्दी असेल. त्या गर्दीत नवी पद्धत बसवणं कुणालाही जमणार नाही. जे बसवायचं ते या पावसाळ्यानंतर, सुट्ट्यांचा आणि लग्नांचा हंगाम टाळून, बसवून टाका. तोवर मोकळं रान आहे असंही समजू नका. संवेदनशील डेटा सांभाळण्यात हयगय केली तर भरपाई द्यायला लावणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं ४३अ कलम तोपर्यंत चालूच आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नात तुम्ही सर्टिफिकेटवर चार ओळी लिहिल्यात आणि काउंटरच्या मोबाइलवर एक. खरी भानगड त्या एका ओळीत आहे.

तो मोबाइल एकदा हातात घ्या आणि गॅलरी उघडा. अशा फोनमध्ये मला साधारण काय दिसतं ते सांगतो. आधारकार्डाच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो, त्यात मधूनमधून मॅनेजरच्या मुलाचा वाढदिवस, दुधाचं बिल, गळक्या नळाचा व्हिडिओ. फोन मॅनेजरच्या स्वतःच्या गूगल खात्याने चालू केलेला, त्यामुळे प्रत्येक आधारचा फोटो त्याच्या खासगी क्लाउडवर आपोआप चढतो. मॅनेजर बदलला, फोन तोच राहिला, पण जुन्या मॅनेजरच्या खात्यात तीन वर्षांचे पाहुणे तसेच. शिवाय रात्रपाळीचा मुलगा फोन चार्जिंगला असला की स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढतो आणि 'लॉज चेकइन' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये तुम्ही, तुमचे भाऊ, दोन मॅनेजर, एक सोडून गेलेला मुलगा, आणि कधीतरी कुणीतरी जोडलेला टॅक्सीवाला. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो फोटो आपोआप उतरतो. एका पाहुण्याचं आधार आता निदान सात-आठ ठिकाणी आहे आणि त्यातली चार-पाच तुम्हाला माहीतही नाहीत.

कायद्याच्या भाषेत हा सगळा डेटा 'तुमचा' आहे, म्हणजे जबाबदारी तुमची. फोन मॅनेजरचा होता, ग्रुप पोराने काढला होता, हे मंडळासमोर चालणार नाही. कायद्याने डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्यावर बोट ठेवलं आहे, आणि ते ठरवणारे तुम्ही आहात.

गंमत अशी की तुमचं पोलिसांचं हाताने लिहिलेलं रजिस्टर या कायद्याच्या बाहेर आहे. कायदा डिजिटल डेटापुरता आहे. कागदावर घेतलेली माहिती तेव्हाच आत येते जेव्हा ती नंतर डिजिटल होते. पंचवटीतल्या नि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, आजोबा कधी आले, पिंडदान कुणी केलं, सगळं. ती वही बासनात आहे तोवर या कायद्याचा तिच्याशी संबंध नाही. पण एखाद्या गुरुजींच्या मुलाने त्या वह्या स्कॅन करून यजमानांच्या मोबाइल नंबरांसकट अ‍ॅपवर टाकल्या, की हयात यजमानांच्या माहितीपुरते गुरुजीही तुमच्यासारखेच कायद्यात आले. (म्हणून परत सगळं कागदावर न्या असं मी म्हणत नाही. रजिस्टरचीही पानं फाटतात, आणि ऑनलाइन बुकिंगचं काय करणार?)

आता प्रत्येक गोष्टीला विचारा: ही मी का घेतो? या कायद्यात दोनच दरवाजे आहेत. एक म्हणजे माणसाची संमती. दुसरा, कलम ७ मध्ये मोजून दिलेले 'वैध उपयोग', ज्यांना वेगळी संमती लागत नाही.

पाहुण्याचं नाव, पत्ता, कुठून आला, कुठे जाणार ही पोलिसांना द्यायची माहिती दुसऱ्या दरवाज्यातून जाते, कारण कायद्याने सरकारला माहिती देणं बंधनकारक असेल तर त्यासाठी डेटा वापरता येतो. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरता, तीही यातच. खोली बुक करायला माणसाने स्वतःहून नंबर दिला, तो त्या बुकिंगपुरता वापरणं हेही चालतं. ओळखपत्राची प्रत ठेवण्याबाबत तुमच्या पोलीस ठाण्याचा लेखी आदेश असेल तर प्रत ठेवा आणि तो आदेश फायलीत लावून ठेवा. तोच तुमचा आधार. तोंडी कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, एवढ्यावर हजारो आधारकार्डं साठवू नका.

आणि आधारच हवं हा हट्ट सोडा. लायसन्स, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, काहीही चालावं. आधारच दिलं तर मास्क केलेलं मागा, ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून ते कुणालाही उतरवता येतं. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारच्या झेरॉक्स वाटू नका, हॉटेलांना अशा प्रती ठेवायचा अधिकार नाही, अशी सूचना काढली होती. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ती मागे घेतली गेली. त्यामुळे 'हॉटेलने आधार घेणं बेकायदा' असं जे फॉरवर्ड अजून फिरतं त्यावर विसंबून भांडायला येणारा पाहुणा भेटेल. त्याच्याशी वाद न घालता दुसरं ओळखपत्र घ्या, विषय संपला. माझं मत विचाराल तर ओळखपत्र डोळ्यांनी तपासा, प्रकार आणि शेवटचे चार अंक रजिस्टरमध्ये लिहा, फोटो काढूच नका. लेखी आदेश असेल तरच काढा.

हे 'घेऊच नका' मी एवढं का लावून धरतोय त्याला नियमांतली एक मेख कारण आहे. एकीकडे कायदा म्हणतो, हेतू संपला की डेटा पुसा. दुसरीकडे नियम ८ म्हणतो, सरकारला ठरावीक कारणांसाठी लागला तर हाताशी असावा म्हणून डेटा आणि त्याचे लॉग (कुणी कधी काय उघडलं याची नोंद) किमान एक वर्ष ठेवा, मग पुसा. त्यामुळे जे घेतलं ते वर्षभर नीट सांभाळणं आलंच. जे घेतलंच नाही ते सांभाळावंही लागत नाही आणि पुसावंही लागत नाही. बिलांचं वेगळं आहे: जीएसटीच्या हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेलं पुसायला हा कायदा सांगत नाही. पण बिलाला आधारचा फोटो जोडायची काही गरज नाही. एवढ्यावरून वहिवाट सरळ होते: नोंदणीचा डेटा एक वर्ष, बिलं जीएसटीप्रमाणे, आणि वर्षापेक्षा जुने आधारचे फोटो आजच उडवा. एखाद्या पाहुण्याबाबत पोलीस केस किंवा कोर्टाचं प्रकरण चालू असेल तेवढं बाजूला ठेवा. उडवताना गॅलरीतून, 'रीसेंटली डिलीटेड'मधून, क्लाउडमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियामधून, चारही ठिकाणांहून. सोडून गेलेल्या मॅनेजरला बोलावून त्याच्या खात्यातूनही पुसून घ्या आणि त्याच्याकडून एका कागदावर सही घ्या.

आता एक्सेल. त्या एक्सेलमधले नंबर उचलून दिवाळीत 'शिर्डी-त्र्यंबक-वणी पॅकेज'चा मेसेज सगळ्यांना जातो ना? हे मात्र कुठल्याही वैध उपयोगात बसत नाही. खोलीसाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी वापरायचा तर वेगळी संमती हवी, आणि तीही मोकळ्या मनाने, समजून, स्पष्ट कृतीने दिलेली. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. 'संमती दिली तरच खोली' हेही चालत नाही.

याहून नाजूक भाग टॅक्सीवाल्यांचा आणि पूजेचा. पाहुण्याने काउंटरवर सहज विचारलं, "कालसर्प शांतीला किती वेळ लागतो हो?" की मॅनेजर त्याचा नंबर ओळखीच्या गुरुजींना देतो, आणि गाडीसाठी दोन ड्रायव्हरांना. सकाळी सातपासून पाहुण्याला चार फोन. नाशकात ही सेवा समजली जाते, बहुतेक पाहुण्यांना ती हवीही असते, त्यामुळे यात काही चुकतंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पण कुणा तिसऱ्याला नंबर देणं हा वेगळा हेतू झाला. सोपा उपाय: नंबर उलट्या दिशेने द्या. गुरुजींचा आणि ड्रायव्हरचा नंबर पाहुण्याला द्या, फोन तो करेल. कमिशनचा हिशोब तुम्ही तुमच्यात बघा.

नोटीस लावायची ती साधी लावा. कोटेशनवाल्याने दिलेला नमुना मी न बघताच सांगतो, तो एखाद्या मोठ्या अ‍ॅपच्या अटींवरून उचललेला बारा पानी इंग्रजी मजकूर असणार. कायद्याला हवी आहे स्वतंत्रपणे समजेल अशी, सोप्या भाषेतली नोटीस: कुठला डेटा, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे. आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला हवा. तुमच्याकडे मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी ठळक लावा. तेलुगू, कन्नड नि बाकीच्या भाषा क्यूआर कोडमागे ठेवा. मजकूर असा काहीसा:

"आम्ही तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि एका ओळखपत्राचा प्रकार व शेवटचे चार अंक घेतो. नाव, पत्ता आणि ओळखपत्र पोलिसांच्या नोंदीसाठी; नंबर तुमच्या खोलीबाबत संपर्क करण्यासाठी. ही माहिती एक वर्षाने पुसली जाते. बिलं मात्र जीएसटीच्या नियमाप्रमाणे जास्त काळ ठेवावी लागतात. सवलतींचे मेसेज हवे असतील तरच खालच्या चौकटीत खूण करा. खूण केली नाही तरी खोली मिळेल. खूण नंतर रद्द करायची असेल, तुमची माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा पुसायची असेल तर या नंबरवर मेसेज करा. आमच्या उत्तराने समाधान झालं नाही तर भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते."

खाली मालकाचा किंवा मॅनेजरचा नंबर, जो खरंच कुणीतरी उचलतो. नियमांनी तक्रार निकाली काढायला नव्वद दिवसांपर्यंत मुदत दिली आहे. तुम्ही दोन दिवसांत उत्तर द्या. पाहुण्याला आधी तुमच्याकडेच तक्रार करावी लागते, तिथे काम झालं नाही तरच तो मंडळाकडे जाऊ शकतो. वेळेवर 'काढून टाकला नंबर, दादा' असा मेसेज गेला की बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. आलेली विनंती, तारीख आणि काय केलं याची नोंद ठेवा. त्याला वही पुरते.

जुन्या पाहुण्यांना एकदा नोटीस पाठवावी लागेल का, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. आधी संमती घेऊन ठेवलेला डेटा पुढेही वापरायचा असेल तर हो, कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर. पण जुन्या एक्सेलमधल्या लोकांकडून तुम्ही संमती अशी घेतलेलीच नाही. माझा सल्ला, ती यादी पुसा आणि नव्याने खूण करणाऱ्यांची छोटी यादी बनवा. पन्नास लोक खरोखर वाट बघत असलेला मेसेज पाच हजारांना त्रास देणाऱ्या मेसेजपेक्षा जास्त खोल्या भरतो.

सीसीटीव्हीबद्दल कायद्यात वेगळं काही लिहिलेलं नाही, आणि सुरक्षेसाठीचे कॅमेरे संमतीविना कलम ७ च्या नेमक्या कुठल्या खणात बसतात यावर वकिलांमध्ये एकमत नाही. नियम ८ मधलं एक वर्ष फुटेजला लावायचं का, यावरही नाही. तुम्ही त्या वादात पडू नका. दारातच कॅमेऱ्याचा आणि त्याच्या कारणाचा बोर्ड लावा, कॅमेरे प्रवेश, जिना, पार्किंग आणि काउंटरपुरते ठेवा, आणि काउंटरच्या कॅमेऱ्यात रजिस्टरचं पान वा स्क्रीन वाचता येत नाही ना ते झूम करून बघा. मग कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने ठेवलेला 'अ‍ॅडमिन'वाला पासवर्ड कित्येक ठिकाणी अजून तोच असतो, आणि तुमचे कॅमेरे बसवणाऱ्याच्या मोबाइल अ‍ॅपवरही दिसत असतात. तो अ‍ॅक्सेस काढा. पोलिसांनी तपासासाठी फुटेज मागितलं तर द्या, गुन्ह्याच्या तपासाला कायद्यात सूट आहे. फक्त मागणी लेखी घ्या. शेजारच्या दुकानदाराने 'माझी गाडी कुणी ठोकली बघू' म्हणून क्लिप मागितली तर त्याला पोलिसांमार्फत यायला सांगा. रुसेल, पण चालेल.

मुलांचं थोडं जपून. या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याचा डेटा घ्यायला आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळांना आणि दवाखान्यांना काही सवलती आहेत, लॉजला नाहीत. कुटुंब आलं असेल तर अडचण नाही: पालक समोर उभे आहेत, त्यांचं ओळखपत्र तुम्ही बघितलंय, नोंदणीच्या कार्डावर मुलाचं नाव आणि वय त्यांनीच लिहून सही करावी. मुलाच्या आधारचा फोटो बिलकूल नको. शाळेची सहल आली की मात्र शिक्षक पन्नास पोरांची यादी जन्मतारखा आणि पालकांच्या नंबरांसकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतात. ती यादी तुम्हाला कशाला? पोलीस ठाण्याला काय लागतं ते एकदा विचारून घ्या आणि तेवढंच मागा, शक्यतो कागदावर.

आता फोन हरवला तर. सिंहस्थात रामकुंडावर किंवा सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत मॅनेजरचा फोन गेला, हे घडणारच असं धरून चाला. कायद्यात छोटी-मोठी फूट असा फरक नाही. फोन हरवणं, चुकीच्या ग्रुपवर आधार जाणं, एक्सेल चुकून दुसऱ्या पाहुण्याला मेल होणं, सगळं डेटा फुटणंच. ज्यांचा डेटा होता त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं: काय झालं, कधी, त्यातून काय धोका, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा, कुणाला फोन करा. मंडळालाही लगेच कळवायचं आणि सविस्तर अहवाल कळल्यापासून ७२ तासांत द्यायचा. मोबाइल लांबून लॉक करून पुसणं, सिम बंद करणं, पोलिसांत तक्रार, हरवलेल्या फोनसाठीच्या सरकारी सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) ब्लॉक करणं, हे पहिल्या तासात. यासाठी लागणारा आयएमईआय नंबर आणि खात्याचा पासवर्ड त्याच फोनमध्ये लिहिलेला नको. सायबर हल्ला असेल, म्हणजे कॉम्प्युटर कुलूपबंद होऊन खंडणी मागितली असेल, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला सहा तासांत कळवायचं असतं, तेही ध्यानात ठेवा.

फोनमध्ये आधारचे फोटोच नसतील तर हरवलेल्या फोनचं पत्र किती जणांना लिहावं लागेल, ते तुम्हीच बघा.

बुकिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याशी करार वाचा. तो तुमच्या वतीने डेटा सांभाळतो, आणि त्याच्याकडून फुटला तरी कायदा आधी तुमच्याकडे बघतो. करारात तीन गोष्टी असाव्यात: तो वाजवी सुरक्षा ठेवेल, फुटल्यास तुम्हाला लगेच कळवेल, आणि तुम्ही सोडून गेलात तर डेटा परत देऊन पुसेल. मेकमायट्रिप, गोआयबिबोसारख्यांचं तसं नाही. ते स्वतःच्या ग्राहकांना स्वतः जबाबदार आहेत, आणि त्यांच्याकडून आलेला डेटा तुमच्या काउंटरला लागल्यापासून तुम्हीही. वाय-फायला ओटीपी लावणारा कुणी असेल तर तो नंबरांचं काय करतो हेही विचारा.

कर्मचाऱ्यांचा डेटा, म्हणजे हजेरी, बँक खातं, पीएफ, यासाठी नोकरीच्या कामापुरती वेगळी संमती लागत नाही. फक्त तो उघड्या टेबलावर पडू देऊ नका.

सिंहस्थात तुम्ही दोन-तीन महिन्यांसाठी जादा मुलं घ्याल, शेजारचं घर भाड्याने घेऊन गाद्या टाकाल, गुजरातेतला ट्रॅव्हल एजंट पन्नास जणांची आधारची पीडीएफ रात्री अकराला पाठवेल. एजंटला आत्ताच सांगून ठेवा: आम्हाला नावं, संख्या आणि तुमचा नंबर पाठवा, ओळखपत्रं लोक स्वतः दाखवतील. हंगामी मुलांना काउंटरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकी वेगळं लॉगिन द्या, कारण कुणी कधी काय उघडलं याची नोंद ठेवणं नियमांत आहे. सगळ्यांचा एकच पासवर्ड असेल तर ती नोंद कुचकामी. आणि हंगाम संपला की त्याच दिवशी ती लॉगिनं बंद.

पावणेदोन लाखांतले थोडे खर्च करायचेच असतील तर लॉजच्या नावाने वेगळं खातं असलेला एक फोन घ्या, जो काउंटर सोडून बाहेर जात नाही. कॉम्प्युटरला परवानाधारक विंडोज, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि आठवड्याचा बॅकअप कपाटात कुलपात. नोटिशीच्या चार भाषा एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. गुजरातीचं भाषांतर मशीनवर सोडू नका. सॉफ्टवेअरवाल्याचा करार वकिलाला एकदा दाखवा, त्याची फी वाजवी असते. आणि तो 'लॉज चेकइन' ग्रुप आज संध्याकाळीच बंद करा, पण त्याआधी त्यातल्या प्रत्येकाकडून फोनमधले फोटो समोर बसवून पुसून घ्या.